बोल्टचा दांडा उचलताना अडतोय (.३०८, घरी भरलेली काडतुसं). मदत हवी

बॉयझीकर
नमस्कार मंडळी. विषय इथे जरा आडवाटेचा आहे, पण इंग्रजी फोरमवर विचारलं तर पहिल्या तीन प्रतिसादांत "नवी रायफल घे" आणि पुढच्या वीसांत आपापसात भांडण. म्हणून इकडे आलो.

मी आयडाहोत राहतो. तीन वर्षांपूर्वी हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, तेव्हापासून दर ऑक्टोबरला टॅग (एका जनावराच्या शिकारीचा सरकारी परवाना) काढून म्यूल डियर हरणांच्या मागे डोंगर चढतो. रायफल .३०८ विंचेस्टर, दोन लगांचा (जागेवर अडकवणाऱ्या दातांचा) बोल्ट, २२ इंची नळी, वापरलेली घेतली. गेल्या हिवाळ्यापासून काडतुसं घरीच भरतो.

मार्चमध्ये लोड (गोळी आणि दारूचं माप) ठरवला. १६५ ग्रेनची गोळी, दारू पुस्तकातल्या कमाल मापापेक्षा अर्धा ग्रेन कमी. त्या दिवशी तापमान ५ डिग्री. ३० बार काढले, बोल्ट लोण्यासारखा. परवा शनिवारी, ३८ डिग्रीत, ४० काडतुसं रेंजवर नेली. त्यातली २६ व्यवस्थित, पण १४ वेळा बार झाल्यावर दांडा वर उचलेचना. दोनदा तर तळहाताने खालून ठोसे द्यावे लागले. विकतची दहा झाडली, ती सगळी झकास. प्रायमर (बुडातली, बार पेटवणारी टोपी) चपटे झालेले, म्हणजे दाब जास्त झाल्याची खूण, मला तरी दिसले नाहीत.

रायफलीचा दोष की काडतुसांचा? सीझनला अडीच महिने आहेत.

चहात_खारी
घरी दारू आणता, तराजूवर मोजून भरता, आणि मग उघडायला त्रास होतो म्हणता. आमच्याकडे बाटलीचं झाकण असं अडलं की गरम पाण्यात धरतात. (ह. घ्या.)

ह्यूस्टनचे आबा
खारी, गरम पाणी राहू दे, यांच्या बाबतीत गरम हवेनेच घात केलेला दिसतोय.

बॉयझीकर, आधी रागावतो, मग मदत करतो. पहिल्या अडलेल्या बारानंतर दुसरा काढलात कसा? आणि तिसरा? चौदा? घरातला कुकर १५ पीएसआयवर शिट्टी देतो. .३०८ ची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय. म्हणजे चार हजारांवर कुकर तुमच्या गालाशी टेकवलेले. झाकण अडलं तर माणूस गॅस बंद करतो, बत्ता घेऊन ठोकत नाही.

आता प्रश्न. आठवेल तेवढं खरं सांगा.
झाडण्याआधी बोल्ट *बंद* करताना जड गेला का? अडलेल्या चौदा पुंगळ्या (रिकामी पितळी खोळ) वेगळ्या ठेवल्यात का? सगळ्या एकाच शिक्क्याच्या, म्हणजे एकाच कंपनीच्या, आहेत का? वेग मोजलात का? आणि रिकाम्या रायफलीचा बोल्ट कसा चालतो?

नितळ
मराठी संस्थळावर आता हरणं मारायच्या बंदुकीचं ट्रबलशूटिंग? १९७२ चा वन्यजीव कायदा आपल्या देशाने काही उगाच केला नाही.

रानवाट
नितळ, तो कायदा भारतात आहे आणि असायलाच हवा. मी मोंटानात राहते. इथे किती टॅग द्यायचे ते राज्य दरवर्षी कळप मोजून ठरवतं आणि टॅगच्या पैशांतून जंगलं राखली जातात. तुम्हाला पटणार नाही, माझ्या आईलाही पटत नाही. पण शिकार करायचीच तर रायफल नीट असावी, एवढं तरी मान्य करा. जखमी होऊन पळालेलं जनावर सगळ्यात वाईट.

नितळ
एवढं मान्य. वाचत राहीन, न बोलता.

थाऊमास्तर
कोल्हापुरातून. शिरोली एमआयडीसीत सत्तावीस वर्षं लेथवर काढली, रायफल मात्र फक्त .२२ ची माहीत. पोरगी शूटिंग शिकते. तेजस्विनी सावंत आणि आता स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे इथे प्रत्येक गल्लीत एक तरी रायफलवाला आहे. .२२ मध्ये प्रायमरचा मसाला काठातच असतो, म्हणून ती पुंगळी परत भरता येत नाही. तेव्हा तुमच्या भानगडी आम्हाला नाहीत.

पण फिटिंगचं म्हणाल तर ते कुठेही सारखंच. गोल वस्तू गोल भोकात अडते ती तीनच कारणांनी. वस्तू मोठी, भोक लहान, नाहीतर मध्ये काहीतरी घाण. व्हर्नियर नको, मायक्रोमीटर काढा. अडलेल्या आणि न अडलेल्या पुंगळ्यांचं बूड तळापासून २०० थाऊ वर मोजा आणि इथे टाका. लांबी पण मोजा.

आंबोलीचा पाऊस
थाऊ म्हणजे?

थाऊमास्तर
इंचाचा हजारावा भाग. मिलिमीटर येऊन साठ वर्षं झाली, वर्कशॉपमध्ये थाऊ काही जात नाही.

बॉयझीकर
आबा, रागावलात ते बरोबरच. पुढे का झाडत राहिलो याला उत्तर नाही. "हा शेवटचा" म्हणत राहिलो.

उत्तरं: बोल्ट बंद होताना अजिबात जड नव्हता, चाळीसही वेळा. पुंगळ्या एकाच पिशवीत टाकल्यात, पण अडलेल्यांवर तिथेच मार्करने खूण केली होती (तेवढी अक्कल होती). शिक्के दोन. २८ नेहमीच्या दुकानातल्या. १२ सैन्याच्या ७.६२ च्या, एकदाच झाडलेल्या, रेंजवरच्या एका ओळखीच्याने दिल्या. सगळ्यांना फुल लेंग्थ डाय (झाडलेली पुंगळी परत मापात दाबणारा साचा) मारलाय. वेग मार्चमध्ये मोजला होता, परवा नाही. रिकामा बोल्ट थोडा जडच आहे, पण पहिल्यापासून तसाच.

ह्यूस्टनचे आबा
"१२ सैन्याच्या." हे शेवटच्या ओळीत लपवायचं वाक्य होतं होय! मार्चच्या तीसात त्या होत्या?

बॉयझीकर
नाही. तेव्हा फक्त दुकानातल्या.

ह्यूस्टनचे आबा
खुणा केलेल्यांत सैन्याच्या किती ते मोजा. आणि दोन्ही जातींच्या पाच पाच रिकाम्या पुंगळ्या तराजूवर ठेवा.

खडकी_निवृत्त
मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात (स्थापना १८६९, आमच्या गेटवर अभिमानाने लिहिलेलं) नोकरी केली. रायफल खांद्याला फार कमी लावली, पण पितळ आयुष्यभर पाहिलं. म्हणून थोडं लांबवतो.

पुंगळीचं पितळ ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. वाटीसारख्या चकतीपासून ओढत ओढत लांब करतात, मध्ये मध्ये भट्टीत मऊ करतात. शेवटी बूड कडक आणि मान मऊ ठेवतात. मानेजवळ जो निळसर-तपकिरी डाग दिसतो तो त्या शेवटच्या शेकाचा. दुकानातल्या पुष्कळ पुंगळ्यांवरून तो पुसून चकचकीत करतात, सैन्याच्या पुंगळीवर ठेवतात.

आता बार झाल्यावर काय होतं ते बघा. पुंगळी फुगून चेंबरला (नळीत काडतूस बसतं ती जागा) चिकटते. पण चेंबरचं पोलादही त्या क्षणी थोडं फुगतं, हे लोक विसरतात. दाब उतरला की दोन्ही मागे येतात. नेहमीच्या दाबाला पितळ पोलादापेक्षा थोडं जास्त मागे येतं, फट पडते, पुंगळी अलगद निघते. दाब वाढला की पोलाद जास्त ताणलं जातं, आणि पितळ मात्र ताणाची हद्द ओलांडून फुगलेलंच राहतं. मग पोलाद मागे येताना पुंगळीला कवळून धरतं. तुमचा दांडा अडतो तो या मिठीमुळे. दांडा वर जाताना बोल्टच्या मागचा उतार पुंगळीला पहिला हिसका देतो, तो हिसका मिठी सोडवायला पुरत नाही.

म्हणून एक लक्षात घ्या. बूड कडक असल्यामुळे ही मिठी बसते तेव्हा दाब मर्यादेच्या बऱ्यापैकी वर गेलेला असतो. प्रायमर चपटे नाहीत यावर विसंबू नका. प्रायमरही जातीजातीचे कडक-मऊ असतात.

चहात_खारी
पोलाद पितळाला कवळतं, सोडत नाही. काका, तुम्ही तर प्रेमकथाच लिहिलीत. +१

रानवाट
काकांचा प्रतिसाद साठवून ठेवला.

माझ्याकडून एक अनुभव. पहिल्या वर्षी मी काडतुसांचा डबा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून जेवायला गेले. परत आल्यावर काढलेले पहिले दोन बार असेच अडले, नंतर सावलीत ठेवलेल्यांना काही झालं नाही. दारू तापली की जास्त जोरात जळते. काही पावडरी कमी बिथरतात, बारीक गोल दाण्यांच्या जुन्या पावडरी जास्त. मार्चच्या थंडीत कमाल मापाच्या अर्धा ग्रेन खाली ठरवलेला लोड जुलैत आपोआप "वर" जातो. मी आता लोड उन्हाळ्यातच ठरवते आणि नोव्हेंबरच्या बर्फात तपासून बघते. उलट केलं की फसगत.

आंबोलीचा पाऊस
अवांतर: माझ्या आजोबांकडे परवान्याची बारा बोअर होती, रानडुकरांपासून भात राखायला. पितळी पुंगळ्या घरीच भरायचे. दारू, बुच, छर्रे, वर मेण. आजी म्हणायची, "दिवाळीआधी घरात दारूचा वास येतो तो असा." आता परवान्याशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे हे माहीत आहे, कोणी प्रयोग करू नका. त्यातली एक पुंगळी अजून आमच्या देवघरात उदबत्तीचं घर म्हणून आहे.

दुसरं: कॉर्बेटने रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ साली .२७५ रिग्बीने मारला. त्या काळी आपल्या मे महिन्यात काडतुसं अडत नसतील का?

ह्यूस्टनचे आबा
अडत असत, चांगलीच. ब्रिटिश काडतुसांत कॉर्डाइट नावाची दारू असे आणि ते उष्णतेला फार हळवं. म्हणून मोठ्या डबल रायफलींसाठी भारत-आफ्रिकेकरता दारू कमी घातलेले "ट्रॉपिकल" लोड वेगळे विकायचे. जुन्या काडतुसांचा आकारही निमुळता, .३७५ एच अँड एच बघा. निमुळती वस्तू केसभर मागे सरकली की सगळीकडून सुटते. तुमची .३०८ त्या मानाने सरळ अंगाची. कॉर्बेटची .२७५ म्हणजे जर्मनांची ७×५७ च, नाव इंग्रजी.

असो. बॉयझीकर कुठे गेले?

बॉयझीकर
इथेच. पोरगी झोपल्यावर तळघरात मोजमाप केलं.

अडलेल्या १४ पैकी ११ सैन्याच्या, ३ दुकानातल्या. म्हणजे बारापैकी एकच सैन्याची पुंगळी सुटली.
वजन: दुकानातली सरासरी १६० ग्रेन, सैन्याची १८०.
भिंग लावून बघितलं तर अडलेल्या बहुतेक बुडांवर एक गोल चमकदार डाग आहे, न अडलेल्यांवर नाही.

ह्यूस्टनचे आबा
तो इजेक्टरचा (रिकामी पुंगळी बाहेर फेकणारी खीळ) ठसा. पितळ दाबाने इजेक्टरच्या भोकात घुसलं आणि दांडा फिरवताना घासलं गेलं. प्रायमर खोटं बोलेल, हा डाग सहसा बोलत नाही.

आता हिशेब. बाहेरचं माप दोघींचं सारखं, म्हणजे जास्तीचं २० ग्रेन पितळ आतच आहे. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पट जड. म्हणजे आतली सव्वादोन ग्रेन पाण्याइतकी जागा गेली. .३०८ च्या पोटात जागा असते छप्पन्नच्या आसपास. चार टक्के लहान खोलीत तुम्ही तेवढीच दारू कोंबलीत, तीही ३८ डिग्रीत. खटला संपला.

थाऊमास्तर
आबा, घाई होतेय. सैन्याच्या पुंगळ्या पुष्कळदा मशीनगनमध्ये झाडलेल्या असतात. मशीनगनचं चेंबर सैल, बूड फुगलेलं येतं. साधा डाय बुडापर्यंत पोचत नाही. म्हणजे दाब नसेल, वस्तूच मोठी असेल. त्यासाठी बूडही आवळणारा "स्मॉल बेस" डाय मिळतो म्हणे, माझ्या पोरीच्या कोचने सांगितलं.

ह्यूस्टनचे आबा
मास्तर, वस्तू मोठी असती तर *आत जाताना* अडली असती. ते म्हणतायत चाळीसही वेळा सहज बंद झाला.

थाऊमास्तर
दांड्याला केवढी ताकद असते! लगच्या उतारावरून बोल्ट पाच थाऊ जास्तीचं पितळ सहज दाबून बसवतो, हाताला कळत पण नाही. त्यांचा बोल्ट मुळात जड आहे असं तेच म्हणतायत. जड बोल्टवर "सहज" म्हणजे काय, हे कसं ठरवणार?

खडकी_निवृत्त
मास्तरांचा मुद्दा सोडू नका. आणि भांडण्यापेक्षा प्रयोग करा. बोल्टमधून स्ट्रायकर (प्रायमरवर आपटणारी सुई) आणि त्याची स्प्रिंग काढा. ती काढली की दांडा नुसत्या वजनाने खाली पडायला हवा. मग डाय मारलेली सैन्याची *रिकामी* पुंगळी घाला. दांडा स्वतःहून पडला तर आबा बरोबर, मध्येच थांबला तर मास्तर.

चहात_खारी
आणि पडून परत उठला तर रायफलीला भूत.

रानवाट
त्यात दुसरी कसोटी जोडते. त्याच सैन्याच्या पुंगळ्या, त्याच डायने, पण दारू पुस्तकातल्या *सुरुवातीच्या* मापाची. पाच पुरेत. सहज उघडल्या तर दाब, तरी अडल्या तर बूड. आणि या वेळी वेग मोजा. पुस्तकापेक्षा वेग जास्त आला तर तो फुकट मिळालेला नसतो.

उरलेली भरलेली काडतुसं असतील तर ती झाडू नका. हातोडीसारखा पुलर मिळतो, आपटून गोळ्या काढा. कंटाळवाणं काम आहे. पॉडकास्ट लावा.

बॉयझीकर
दहा दिवसांनी येतोय. ऑफिसमध्ये रिलीज होतं.

आधी रिकामा बोल्ट. तो उघडून बघितला तर कॉकिंगच्या (स्प्रिंग ताणणाऱ्या) उतारावर ग्रीसचा थेंब नाही, लग कोरडेठक्क आणि एका लगवर ओरखडे. पुसून बारीक थर ग्रीस लावलं. जडपणा निम्मा गेला. म्हणजे रायफलीला तीन वर्षं मी "स्वभावच तसा" म्हणत होतो.

स्ट्रायकर काढून कसोटी: दुकानातली पुंगळी घातली, दांडा पडला. सैन्याच्या सहा घातल्या, त्यातल्या पाचांवर पडला, एकीवर अर्ध्यात थांबला. मास्तर, ती एक तुमची. डाय शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणारी बैठक) टेकतच नव्हता, मध्ये कागद जाईल एवढी फट होती. अष्टमांश फेरा खाली घेतला, तीही बसली.

रेंज: सैन्याच्या पाच, सुरुवातीच्या मापाने. तापमान ३६. पाचही एका बोटाने उघडल्या. आबा, बाकीचा खटला तुमचा. मग जुन्या मापाची दुकानातल्या पुंगळीतली तीन झाडली, उघडली, पण वेग मार्चपेक्षा सेकंदाला ४५ फूट जास्त. रानवाटताई, तुमचं ऊन.

थाऊमास्तर
सहात एक तर एक. चालेल. लग कोरडे ठेवणारा माणूस माझ्या शॉपमध्ये असता तर... जाऊ दे.

रानवाट
ग्रीस पातळ थरच ठेवा हं. ऑक्टोबरात पहाटे उणे दहात घट्ट ग्रीस गोठतं आणि बोल्ट परत जड होतो. मग परत इथे धागा काढाल.

आंबोलीचा पाऊस
पण दुकानातल्या तीन अडल्या होत्या त्यांचं काय? सगळे विसरलेत.

बॉयझीकर
अहो, मीही विसरलो होतो. थांबा.

बॉयझीकर
मोजल्या. तिघींपैकी दोन २.०२७ आणि २.०२८ इंच लांब.

थाऊमास्तर
कमाल २.०१५! मी पहिल्याच दिवशी लांबी मोजा म्हटलं होतं. बूड सोडा, तोंडच भिंतीला टेकतंय.

ह्यूस्टनचे आबा
बरोबर. मान चेंबरच्या टोकाला जाऊन गोळीवर आवळली जाते, गोळी सुटायला उशीर, दाब वर. दर वेळी डाय मारला की पुंगळी थोडी लांब होते. २.००५ ला कापायचं आणि पुढे वाढेल तशी मोजत राहायचं. या दोन किती वेळा झाडल्या होत्या?

बॉयझीकर
माहीत नाही. रायफलीसोबत एक जुना डबा आला होता, त्यातल्या असाव्यात. नवीन पेटीत मीच मिसळल्या. तो डबा आता कचऱ्यात.

तिसरी २.०११ आहे. वजन १६१. बुडावर डाग नाही. ती का अडली, शपथ, कळत नाही.

खडकी_निवृत्त
पुसायची राहिली असेल. डायचं वंगण अंगावर राहिलं की पुंगळी चेंबरला धरत नाही, सगळा धक्का बोल्टवर येतो.

ह्यूस्टनचे आबा
किंवा चाळीसावी असेल, तापलेल्या चेंबरमध्ये पाच मिनिटं राहिलेली. किंवा तराजू सरकला असेल. इलेक्ट्रॉनिक तराजू पंख्याच्या वाऱ्याने पण सरकतो. तळघरात पंखा आहे?

बॉयझीकर
आहे. तराजूच्या बरोबर वर.

ह्यूस्टनचे आबा
...

चहात_खारी
आबा गेले. कोणीतरी पाणी मारा.

बॉयझीकर
पंखा बंद केलाय. लोड पूर्ण खाली उतरवून नव्याने चढवतोय, फक्त एका शिक्क्याच्या पुंगळ्यांत, उन्हात. सैन्याच्या बारा भंगारात देणार होतो, पण बायकोने हा धागा वाचला. आंबोलीकर, तिने त्यातल्या दोन उचलून देवघरात नेल्यात. उदबत्ती सरळ उभी राहत नाही म्हणते, तोंड जरा मोठं पडतं.

आंबोलीचा पाऊस
आत तांदूळ भरा.